वेस्ट पॉइंटचे सेनापती आणि सुरुवातीचे फुटबॉल संघ: कोण खरोखर खेळले, हे कसे तपासावे

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीतून बाहेर पडून पुढे नावारूपाला आलेल्या अधिकाऱ्यांपैकी सुरुवातीच्या फुटबॉल संघांत कोण कोण होते, याची मराठीत यादी करायची आहे. इंग्रजी याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मग भरवसा कशावर ठेवायचा?

(इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. गोलपोस्टात चेंडू लाथेने ढकलायचा आपल्याकडचा खेळ नव्हे.)

याद्या जुळत नाहीत याचे मुख्य कारण म्हणजे 'संघात होता' या दोन शब्दांत पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एखादा कॅडेट सामन्यात प्रत्यक्ष उतरला असेल. एखाद्याला त्या हंगामाबद्दल अकादमीचे 'ए' हे मानाचे अक्षर मिळाले असेल. एखादा सरावापुरता होता, म्हणजे मुख्य संघाला रोज अंगावर घेणाऱ्या दुय्यम फळीत. एखादा मॅनेजर होता: सामने ठरवणे, प्रवास, हिशेब त्याच्याकडे. आणि एखादा पदवीनंतर अधिकारी म्हणून परत येऊन प्रशिक्षक झाला. यादी सुरू करण्याआधी हे पाच रकाने आखा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

आता खालची सीमा. अकादमी १८०२ची, पण तिच्या संघाचा पहिला सामना २९ नोव्हेंबर १८९०चा. तो वेस्ट पॉइंटच्या कवायतीच्या मैदानावर, ॲनापोलिसच्या नौदल अकादमीविरुद्ध झाला आणि नौदलाने तो २४-० असा जिंकला. नौदलाचे कॅडेट त्याआधी काही वर्षे बाहेरच्या संघांशी खेळत होते. भूदलाच्या, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या, संघात नीट खेळलेले दोन-चारच. हा सामना घडवून आणला डेनिस महान मायकी या कॅडेटने. (आडनावाच्या इंग्रजी अक्षरांवरून मराठीत 'मिची' लिहिले जाते, उच्चार मायकी.) त्याचे वडील पीटर मायकी अकादमीत प्राध्यापक आणि तिच्या शैक्षणिक मंडळाचे सदस्य होते. ही ओळख नसती तर परवानगी इतक्या सहज मिळाली नसती, असे मानायला जागा आहे. नौदलाच्या प्रवासखर्चाचा अर्धा वाटा कॅडेटांनी प्रत्येकी ५२ सेंट वर्गणी काढून उचलला. मायकी त्या वर्षी कर्णधार, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक असे सगळेच होता. त्या हंगामात भूदलाचा सामना हा एवढाच. पुढच्या वर्षी येल विद्यापीठाचा खेळाडू हॅरी विल्यम्स शिकवायला आला आणि भूदलाने ॲनापोलिसला जाऊन ३२-१६ अशी परतफेड केली. मायकी १८९२ साली पदवी घेऊन बाहेर पडला, त्याच हंगामात पुन्हा प्रशिक्षक झाला आणि १ जुलै १८९८ रोजी क्यूबात सांतियागोजवळच्या लढाईत मारला गेला. १९२४ साली उघडलेले स्टेडियम त्याच्याच नावाचे आहे.

ही सीमा लक्षात ठेवली की बरीच नावे न तपासताच गळतात. पहिल्या महायुद्धातील सेनापती जॉन पर्शिंग १८८६च्या तुकडीचे, म्हणजे त्या वर्षी पदवी घेतलेले. तेव्हा संघच नव्हता. यादवी युद्धातील कोणत्याही सेनापतीचे नाव दिसले तर यादीकर्त्याने 'माजी विद्यार्थी' आणि 'खेळाडू' हे दोन रकाने एकत्र केले, असे खुशाल समजा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वर्षांच्या हिशेबात. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर किंवा डिसेंबरची सुरुवात. पदवी पुढच्या जूनमध्ये. म्हणजे '१९१५ची तुकडी' शेवटचा हंगाम खेळली तो १९१४चा. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर १९१५च्या तुकडीचे म्हणून '१९१५च्या संघात' लिहिणारे आहेत. त्या शरदात ते टेक्सासमध्ये नोकरीवर रुजू झालेले होते. वार्षिकांकाचेही तेच. कॅडेटांचा 'हॉवित्झर' हा वार्षिकांक ज्या वर्षाचा, त्याच्या आदल्या शरदातील हंगाम त्यात असतो. मुखपृष्ठावर १९१३ असेल तर आतला संघ १९१२चा.

वर्गांची नावे उलटी चालतात, हेही विसरू नका. 'चौथा वर्ग' म्हणजे नवखे, त्यांना प्लीब म्हणतात. 'पहिला वर्ग' म्हणजे शेवटचे वर्ष. 'पहिल्या वर्गात असताना खेळला' हे वाक्य मराठीत 'पहिल्या वर्षी खेळला' असे उतरले की तीन वर्षांची चूक झाली. त्या काळी प्लीबांना मुख्य संघात खेळता येत असे, त्यामुळे 'पहिल्या वर्षी कसा काय खेळला?' ही शंकाही इथे कामाची नाही. शिवाय पहिल्या महायुद्धात तुकड्या लवकर बाहेर काढल्या: १९१७ मध्ये एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन, १९१८ मध्ये जूनची एक, मग नोव्हेंबरमध्ये आणखी. या काळातील प्रत्येक नावापुढे वर्षाबरोबर महिनाही लिहा.

कागदपत्रांपैकी कलम यांची पदवीधर नोंदवही बहुतेकांना ठाऊक असते. जॉर्ज कलम हे स्वतः १८३३चे पदवीधर. त्यांनी प्रत्येक पदवीधराला क्रमांक देऊन त्याची पुढची नेमणूक-बढती नोंदवायची पद्धत घातली. सैनिकी कारकिर्दीसाठी ही वही उत्तम. फुटबॉलसाठी तिच्यात दोन खड्डे आहेत. एक म्हणजे तिच्यात फक्त पदवीधर असतात. गणितात नापास होऊन किंवा शिस्तभंगामुळे घरी गेलेला खेळाडू तिच्यात सापडत नाही, आणि असे खेळाडू थोडे नव्हते. दुसरा म्हणजे या काळातील क्रमांक तुकडीतील गुणानुक्रमाने दिलेला असतो, आडनावाच्या वर्णानुक्रमाने नव्हे, त्यामुळे एकाच आडनावाचे दोघे भलतीकडे विखुरलेले असतात. नापास झालेल्यांसाठी अकादमीची दरवर्षीची अधिकारी व कॅडेटांची अधिकृत नोंदपुस्तिका पाहावी लागते. संघातील नावे वार्षिकांकात आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळतात. वर्तमानपत्रे बहुधा आडनावच छापतात, तेही ऐकीव. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वर्तमानपत्रातून आडनाव आणि खेळण्याची जागा, मग नोंदपुस्तिकेतून त्या शरदात त्या आडनावाचे किती कॅडेट हजर होते ते, मग वार्षिकांकातून पूर्ण नाव, आणि सर्वांत शेवटी कलम यांची वही. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात. प्रसिद्ध सेनापतीचे नाव आधी धरतात आणि मग त्याच आडनावाचा खेळाडू शोधत जातात. असा शोध घेतला की हवा तो खेळाडू हमखास सापडतो, आणि बऱ्याचदा तो भलताच असतो.

सरावापुरता खेळाडू आणि खरा संघ यांतील फरकासाठी जॉर्ज पॅटन (दुसऱ्या महायुद्धातील नामवंत सेनापती) हे नाव पुरे. ते आधी वर्षभर व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९०४ साली वेस्ट पॉइंटला आले, गणितात अडल्यामुळे पहिले वर्ष पुन्हा करावे लागले आणि १९०९ साली बाहेर पडले. फुटबॉलसाठी त्यांनी जिवाचे रान केले, हाडे मोडून घेतली, पण फुटबॉलचे अक्षर त्यांना मिळाले नाही. मिळाले ते मैदानी शर्यतींत. अडथळ्यांची शर्यत हा त्यांचा हुकमी प्रकार. त्यांचे नाव 'सराव' या रकान्यात घाला. गाळून टाकायचे कारण नाही आणि 'वेस्ट पॉइंटचे फुटबॉलपटू' म्हणायचेही नाही.

मॅनेजरांचा रकाना सर्वांत दुर्लक्षित, आणि मला विचाराल तर सर्वांत रंजक. डग्लस मॅकआर्थर (१९०३ची तुकडी, गुणानुक्रमे पहिले) यांना कित्येक याद्यांत खेळाडू म्हटलेले आहे. खेळाडू ते बेसबॉलचे. फुटबॉलमध्ये १९०२च्या संघाचे मॅनेजर. आणि तो संघ नुसता नावांसाठीही पाहण्यासारखा आहे. प्रशिक्षक होते डेनिस नोलन, १८९६चे पदवीधर, पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील अमेरिकन सैन्याच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख. हंगामाचा निकाल सहा विजय, एक पराभव, एक बरोबरी, नौदलावर २२-८. त्याच संघात पॉल बंकर, मॅकआर्थर यांचे वर्गमित्र. १९०१ साली टॅकल आणि १९०२ साली हाफबॅक अशा दोन वेगळ्या जागांवर त्यांची राष्ट्रीय सर्वोत्तम संघात निवड झाली, आणि टॅकल ही ताकदीने अडवणाऱ्याची तर हाफबॅक ही चेंडू घेऊन पळणाऱ्याची जागा, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. चाळीस वर्षांनी बंकर फिलिपिन्समध्ये कोरेगिडोर बेटावर तोफखान्याचे कर्नल होते. मे १९४२ मध्ये शरणागतीच्या वेळी ध्वज उतरवून जाळायचे काम त्यांच्याकडे आले. त्याचा एक तुकडा त्यांनी कपड्यात शिवून लपवला. १९४३ साली जपानी युद्धकैद्यांच्या छावणीत ते वारले. तो तुकडा आज वेस्ट पॉइंटच्या संग्रहालयात आहे. बंकर सेनापती झाले नाहीत, म्हणून 'नामवंत सेनापती' अशा शीर्षकाच्या याद्यांत ते नसतात. यादीचे शीर्षक 'सेनाधिकारी' ठेवले तर असा माणूस सुटणार नाही.

मॅथ्यू रिजवे (एप्रिल १९१७) हेही मॅनेजर. आणि जेम्स व्हॅन फ्लीट (१९१५) हे १९१४च्या संघाचे फुलबॅक, म्हणजे मागच्या फळीतून चेंडू घेऊन घुसणारे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियाच्या युद्धात मॅकआर्थर यांना हटवून त्यांच्या जागी रिजवे आले आणि रिजवे यांच्या आठव्या सैन्याची सूत्रे व्हॅन फ्लीट यांच्याकडे गेली. त्या खांदेपालटातील तिघेही वेस्ट पॉइंटच्या फुटबॉलशी बांधलेले, पण मैदानात उतरलेले एकटे व्हॅन फ्लीट. रकाने वेगळे ठेवले तरच ही गोष्ट दिसते.

आयझेनहॉवर यांच्याबद्दल थोडे सविस्तर, कारण सर्वांत जास्त दंतकथा त्यांच्याभोवती आहेत. ते १९१२ साली, म्हणजे दुसऱ्या वर्षी, मुख्य संघात हाफबॅक होते, बचावात लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या फळीमागे उभे राहून अडवणारे. तेव्हा तेच अकरा जण हल्ला आणि बचाव दोन्ही करत. प्रशिक्षक अर्नेस्ट ग्रेव्ह्ज, कर्णधार लेलँड डेव्होर. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन स्कूलचा संघ वेस्ट पॉइंटला आला. ही मूळनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडण्यासाठी सरकारने चालवलेली शाळा. १८७९ साली रिचर्ड प्रॅट या सैन्यातल्याच अधिकाऱ्याने जुन्या लष्करी बराकीत काढलेली. ज्या सैन्याशी त्यांच्या आजोबा-वडिलांच्या लढाया झाल्या, त्याच्याच कॅडेटांशी ही मुले खेळत होती. त्यांच्यात त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिक गाजवून आलेला जिम थॉर्प होता, प्रशिक्षक पॉप वॉर्नर. कार्लाइलने २७-६ असा सामना जिंकला. डेव्होरला दांडगाईबद्दल पंचांनी मैदानाबाहेर काढले.

थॉर्पला अडवताना आयझेनहॉवर यांचा गुडघा कायमचा गेला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. गुडघा दुखावला तो पुढच्या आठवड्यात, टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात. तो बरा होत असतानाच घोडेस्वारीच्या कवायतीत पुन्हा निखळला आणि खेळणे संपले. नंतर ते जल्लोष करणाऱ्या कॅडेटांचे पुढारी झाले आणि दुय्यम संघाला शिकवू लागले. म्हणजे त्यांच्या नावापुढे 'खेळाडू, १९१२' आणि 'दुय्यम संघाचे प्रशिक्षक' अशा दोन नोंदी हव्यात, आणि १९१४च्या अपराजित संघात त्यांचे नाव घालायचे नाही. ही चूक वरचेवर होते, कारण त्या संघात त्यांच्या तुकडीचे इतके लोक आहेत की तेही असतीलच असे वाटते.

१९१४चा संघ: चार्ल्स डेली यांचे प्रशिक्षण, नऊपैकी नऊ सामने जिंकलेले, नौदलावर २०-०. ओमर ब्रॅडली राखीव सेंटर (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणारा). त्यांचा खरा खेळ बेसबॉल. व्हर्नन प्रिचर्ड क्वार्टरबॅक (हल्ल्याचा डाव चालवणारा), पुढे इटलीत पहिल्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख. व्हॅन फ्लीट वर आलेच. रॉबर्ट नेलँड १९१६च्या तुकडीचे. त्यांना लोक ओळखतात ते ब्रिगेडियर जनरल म्हणून कमी आणि टेनेसी विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून जास्त. १९१५च्या तुकडीतील १६४ पदवीधरांपैकी ५९ जण जनरल झाले, हा आकडा बरोबर आहे; फक्त तो तुकडीचा आहे, संघाचा नव्हे. फुटबॉल खेळल्यामुळे ते जनरल झाले, असा निष्कर्ष या आकड्यातून काढू नका. १९१५ साली पदवी म्हणजे १९४१ साली सव्वीस वर्षांची नोकरी. सैन्य एकाएकी अनेक पटींनी वाढले तेव्हा डिव्हिजन सांभाळण्याच्या वयाचे आणि अनुभवाचे अधिकारी नेमके हेच होते.

डेली यांच्यामुळे आणखी एक पेच येतो. ते हार्वर्डमध्ये तीन हंगाम खेळून नावाजल्यावर वेस्ट पॉइंटला दाखल झाले आणि १९०१ साली नौदलाविरुद्धचे संघाचे अकराच्या अकरा गुण (११-५) त्यांनी एकट्याने केले. एल्मर ऑलिफंटही परड्यू विद्यापीठात खेळून आलेले. वेस्ट पॉइंट कॅडेटचे आधीचे हंगाम मोजतच नव्हते. या मुद्द्यावरून नौदलाशी इतके बिनसले की १९२८ आणि १९२९ साली दोघांचा सामनाच झाला नाही. यादी करताना अशा खेळाडूंचे आधीचे कॉलेज वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर हार्वर्डचा पराक्रम वेस्ट पॉइंटच्या खात्यात जमा होतो.

गुणांचे आकडे आजच्या नियमाने वाचले तर हिशेब लागत नाही. १८९० साली टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेणे) ४ गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला २, मैदानी गोलला (खेळ चालू असताना लाथेने चेंडू गोलपोस्टांमधून मारणे) तब्बल ५. म्हणून पहिल्या सामन्यातील २४ म्हणजे पाच टचडाउन आणि दोन किक. आज त्याचेच ३२ झाले असते. १८९८च्या सुमारास टचडाउन ५ आणि त्यानंतरची किक १ झाली, मैदानी गोल ५च राहिला. त्यामुळे १८९९च्या १७-५ या निकालातील पाच गुण टचडाउनचे की गोलचे, हे आकड्यावरून कळूच शकत नाही. सामन्याचे वर्णनच वाचावे लागते. डेली यांच्या ११ गुणांत दोन्ही होते: एक गोल, एक टचडाउन आणि एक किक. मैदानी गोल १९०४ मध्ये ४ वर आणि १९०९ मध्ये ३ वर आला. १९१२ साली टचडाउन ६ झाले, मैदान ११० यार्डांवरून १०० वर आले आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. कार्लाइलचे २७ गुण या नव्या नियमाचे: चार टचडाउन, तीन किक. चेंडू हाताने पुढे फेकायची मुभा १९०६ची. त्याआधीच्या सामन्यात कोणी 'पास झेलून टचडाउन' केल्याचे लिहिले असेल तर ती नोंद बाजूला ठेवा.

काही वर्षे मुळातच रिकामी आहेत. १८९३च्या सामन्यानंतर प्रेक्षकांतील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वाद इतके पेटले की १८९४ साली अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या सरकारने दोन्ही संघांना बाहेर जाऊन खेळायला मनाई केली. भूदल-नौदल सामना थेट १८९९ साली फिलाडेल्फियात परतला. या काळात संघ मोडले नव्हते, घरच्या मैदानावर इतरांशी खेळत होते. 'बंदी होती' एवढेच वाचून १८९४ ते १८९८चे खेळाडू वगळू नका. १९०९चे प्रकरण गंभीर. ऑक्टोबरअखेर हार्वर्डविरुद्ध खेळताना युजीन बर्न या कॅडेटचा मानेला झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला आणि अकादमीने उरलेला हंगाम रद्द केला. महायुद्धामुळे १९१७ आणि १९१८ सालीही नौदलाशी सामना नाही.

शेवटी, ज्यांना वेस्ट पॉइंटच्या यादीत घालायचेच नाही अशांचे पाहू. जॉर्ज मार्शल व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे, १९०१ची तुकडी. तिथल्या १९००च्या संघात डावे टॅकल आणि चांगले खेळाडू. इंग्रजीत 'मिलिटरी कॉलेजचे फुटबॉलपटू' म्हणून ते येतात आणि भाषांतरात वेस्ट पॉइंटचे होऊन जातात. विल्यम हॉल्सी ॲनापोलिसचे, १९०४ची तुकडी. नौदलाचे फुलबॅक, तेही ज्या दोन वर्षी भूदलाने २२-८ आणि ४०-५ असे धुतले त्या १९०२ आणि १९०३ साली. जोनस इंग्रॅमही ॲनापोलिसचे. १९०६च्या १०-० विजयात टचडाउन करणारे, पुढे अटलांटिक ताफ्याचे प्रमुख. आणि जोसेफ रीव्ह्ज, १८९४ची नौदलाची तुकडी. डोक्याला आणखी एक मार बसला तर वेड लागेल, असे डॉक्टरांनी बजावल्यावर १८९३च्या सामन्यासाठी त्यांनी ॲनापोलिसच्या चांभाराकडून जाड कापडाची टोपी शिवून घेतली. फुटबॉलच्या शिरस्त्राणाची गोष्ट सांगताना हेच नाव आधी घेतले जाते. तीसच्या दशकात ते अमेरिकन ताफ्याचे सरसेनापती होते आणि विमानवाहू जहाजे आक्रमकपणे वापरण्याचे तंत्र बसवणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा आहे. नौदलाची यादी वेगळी केलीत तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

एखाद्या नावासाठी ना अक्षराची नोंद, ना सामन्याचे वर्णन, ना वार्षिकांकातील छायाचित्र मिळाले, तर त्याच्यापुढे तुकडीचे वर्ष लिहा आणि पाचही रकाने कोरे सोडा.